दुरुस्ती घरच्या हाताने करावी, पण विजेची आणि वजनाची नव्हे

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यातील एका गावातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे घर तीन खोल्यांचे आहे. मागची खोली सासऱ्यांनी बांधलेली, माळवदाची, म्हणजे लाकडांवर माती घातलेल्या सपाट छताची आहे, आणि पुढच्या दोन खोल्या नंतर बांधलेल्या, स्लॅबच्या आहेत. यजमान पुण्याकडे कंपनीत कामाला असल्यामुळे घराची डागडुजी त्या स्वतःच करतात. त्या लिहितात: ‘गवंडी, नळवाला आणि वायरमन अशा तिघांना वेगवेगळे बोलवायचे म्हटले तर जवळ ठेवलेले चार हजार रुपये मजुरीतच संपतील, म्हणून जमेल ते मी हाताने करते. ठिबकणारी तोटी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून थांबवली. गच्चीवरची भेग गेल्या वर्षी सिमेंटने भरली, ती याही वर्षी उघडली. पुढच्या खोलीच्या भिंतीलाही भेगा आहेत. माळवद गळते, तर त्यावर एक ट्रॉली पांढरी माती टाकू, असे दीर म्हणतात. प्लास्टिकच्या टाकीला चीर गेली, ती पुट्टीने बुजवली पण टिकली नाही. कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून समोर लाकडी पाट ठेवला आहे. फ्यूज सारखा उडत होता, तिथे जाड तार घातल्यापासून उडत नाही. मृगाच्या आधी यातले काय घरी करावे आणि कशासाठी माणूस बोलवावा?’

ताई,

तुम्ही स्वतःच्या हाताने घर सांभाळता याचे मला मनापासून कौतुक वाटते, आणि म्हणूनच जे बोलायचे ते स्पष्ट बोलतो. तुम्ही केलेल्या कामांपैकी बरीचशी योग्य आहेत, काही थोडी सुधारून घेतली तर टिकतील, परंतु कूलरपुढचा पाट आणि फ्यूजमधली जाड तार या दोन गोष्टी हे वाचून होताच बंद करायच्या आहेत. स्वस्तातली दुरुस्ती करावी की नाही हे ठरवताना ती किती दिवस टिकेल याच्याही आधी, ती फसली तर काय होईल, हे विचारावे. तोटीची पट्टी सुटली तर थोडे पाणी वाया जाईल आणि तुम्ही ती पुन्हा बांधाल. वीज आणि डोक्यावरचे वजन यांच्या बाबतीत मात्र पुन्हा बांधायची संधी मिळेलच असे नाही.

म्हणून आधी कूलर. हात लावताच झिणझिण्या येतात याचा अर्थ पंपाच्या, मोटारीच्या किंवा एखाद्या जोडाच्या वायरचे आवरण खराब होऊन वीज पत्र्याच्या अंगात उतरली आहे. लाकडी पाट कोरडा असेल तोवर तुमच्या शरीरातून जमिनीकडे जाणारा प्रवाह कमी ठेवतो, म्हणून धक्का सौम्य वाटतो. कूलरभोवती पाणी सांडतच असते आणि तोच पाट ओला झाला की त्याचा आधार राहत नाही. घरातले मूल अनवाणी, ओल्या हाताने कूलरला टेकले तर पाट बाजूलाच राहील. तेव्हा आज कूलरची पिन काढून ठेवा आणि दोष सापडेपर्यंत तो लावू नका. उकाड्यात हे सांगणे सोपे आहे, सोसणे कठीण आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही यात तडजोड नाही.

वायरमनला बोलवाल तेव्हा त्याच्याकडून काय करून घ्यायचे ते ध्यानात ठेवा. कूलरला तीन वायरींची केबल आणि तीन पायांची पिन हवी. आपल्याकडे पुष्कळ कूलर दोनच वायरींवर चालतात, आणि जिथे पिन तीन पायांची असते तिथे बोर्डातल्या अर्थिंगच्या, म्हणजे अंगात उतरलेली वीज जमिनीत नेणाऱ्या तारेच्या, भोकामागे पुष्कळदा वायरच नसते. वायर असली तरी ती घराबाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जाऊन गंजून तुटलेली असू शकते. शिवाय आपली काळी जमीन चैत्र-वैशाखात आकसते आणि खड्ड्यातली प्लेट भोवतालच्या मातीपासून सुटी पडते, त्यामुळे उन्हाळ्यात, म्हणजे कूलर चालण्याच्याच दिवसांत, अर्थिंग सर्वांत कमकुवत असते. त्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ असते ते ओल धरून ठेवण्यासाठी. आठवड्याला बादलीभर पाणी तिथे ओतणे हे तुमच्या हातातले काम आहे, आणि भांडी धुतलेले पाणीही त्याला चालते.

यासोबत घराच्या मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वायरमन त्याला बहुधा ईएलसीबी म्हणेल. घरात जाणारा प्रवाह आणि परत येणारा प्रवाह यांत एवढा फरक पडला, म्हणजे वीज कोणाच्या तरी अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत जाऊ लागली, की तो क्षणार्धात वीज तोडतो. एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांना हात लागला तर मात्र तो ओळखू शकत नाही, म्हणून तो बसवल्यावरही पिन काढल्याशिवाय कूलरमध्ये पाणी भरू नये. त्याच्यावर चाचणीचे बटण असते, ते महिन्याला एकदा दाबून पाहावे. तुमच्या चार हजारांपैकी जवळपास निम्मे पैसे या एका वस्तूवर आणि ती बसवण्यावर जातील, आणि मी ते पैसे सर्वांत आधी खर्च करायला सांगेन.

फ्यूजची तार मुद्दाम बारीक असते, कारण भार वाढला की सर्वांत आधी तिनेच वितळायचे असते. तिथे जाड तांब्याची तार घातली की वितळण्याची पाळी भिंतीतल्या वायरवर येते, आणि तिथे लागलेली आग कळेपर्यंत उशीर झालेला असतो. फ्यूज उडत होता तो कूलरच्याच दोषामुळे उडत असण्याची शक्यता आहे. कारण सापडेपर्यंत योग्य मापाची फ्यूज वायर घाला, ती अगदी थोड्या पैशांत मिळते, किंवा वायरमन आला आहे तर त्याच्याकडून एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारे बटण, बसवून घ्या. त्याच खेपेत अर्थिंग, आरसीसीबी, कूलर आणि एमसीबी ही सगळी कामे उरकली की मजुरी एकदाच द्यावी लागेल. दोष पंपात निघाला तर नवा पंप तुम्ही स्वतः बसवू शकता, मात्र त्याच्या वायरीला टाकीच्या आत जोड येता कामा नये.

आता माळवद. तुमच्या पत्रातला माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर भाग हाच आहे, आणि तुमच्या दिरांनी चांगल्या हेतूने सुचवलेला उपाय सर्वांत धोक्याचा आहे. गढीची पांढरी माती पाणी मुरू देत नाही, हे आपल्या वाडवडिलांचे ज्ञान खरे आहे, पण दरवर्षी जुना थर न खरवडता वर नवा थर टाकण्याची सवय लागली आणि माळवदे जड होत गेली. खोली दहा बाय पंधरा फुटांची धरली तर एक इंच मातीचे वजन साडेपाचशे ते साडेसहाशे किलो भरते. ट्रॉलीत एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट माती बसते असे धरले, तर त्या खोलीवर आठ इंचांचा थर चढेल आणि छतावर साडेचार ते पाच टन भार वाढेल, तोही कोरड्या मातीचा. पाऊस मुरला की तो आणखी वाढतो. सासऱ्यांनी छत तोलणारी लाकडे, म्हणजे सर आणि तुळया, टाकल्या त्या वेळी हा भार त्यांच्या हिशेबात नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. त्यांतील बहुसंख्य माणसे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे यांच्याखाली सापडली होती. तुमचे गाव तिथून दूर आहे आणि तुम्हाला घाबरवण्याचा माझा हेतू नाही, पण अशा घरात माणसाचा जीव छताच्या वजनावर अवलंबून असतो, हे मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन पाहिलेले आहे. त्यासाठी भूकंपच व्हावा लागतो असेही नाही. सलग चार दिवस झड लागली की जुन्या भिंती आणि माळवदे खचल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो.

तेव्हा माती टाकण्याच्या आधी खालून पाहणी करा. दिवसा, भरपूर उजेडात, प्रत्येक सर भिंतीत जिथे शिरतो तिथे हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा. आवाज पोकळ आला, किंवा सुरीचे टोक लाकडात सहज शिरले, तर लाकूड वाळवीने किंवा ओलीने आतून गेलेले आहे. मधली तुळई वाकलेली दिसते का, किलचणीतून, म्हणजे मातीखालच्या लाकडी पट्ट्यांच्या थरातून, माती झरते का, भिंतीला पोट आले आहे का, हेही पाहा. यांपैकी काहीही आढळले तर त्या खोलीत कोणी झोपू नये, छताला जाणत्या सुताराकडून टेकू द्यावेत आणि पुढचा निर्णय यजमान गावी आल्यावर सुताराच्या सल्ल्याने घ्यावा. ही दुरुस्ती हौसेने करून पाहण्याची नाही.

लाकूड आणि भिंती ठणठणीत असतील, तर वर चढून माती वाढवण्याऐवजी कमी करा. कडेला फळी टाकून, तिच्यावर उभे राहून, एका वेळी एकाच माणसाने काम करावे. उगवलेले गवत आणि पिंपळा-वडाची रोपे मुळासकट उपटावीत, कारण पाणी बहुतेक वेळा मुळांच्या वाटेनेच आत उतरते. वरचा भुसभुशीत, भेगाळलेला थर खरवडून काढावा आणि त्यातलीच चांगली चाळलेली माती, बारीक भुसा आणि शेण कालवून, दोन-चार दिवस मुरवून, पातळ थराने परत लावावी. काढली तेवढीच किंवा त्याहून कमी माती परत जावी, हा नियम ठेवा. थर अर्धवट वाळत आला की धुमसाने हलक्या हाताने चोपावा आणि ढाळ अखंड पन्हळाकडे राहील असा साधावा. मधे बशीएवढा खोलगट भाग राहिला तरी तिथे साचलेले पाणी वाट शोधते. पन्हळ भिंतीपासून हातभर तरी बाहेर आलेला असावा, नाहीतर छताचे पाणी भिंतीच्या पायात जाते.

एवढे करूनही यंदा भरवसा वाटत नसेल तर जाड ताडपत्री घालावी. ती दाबण्यासाठी दगड ठेवू नयेत. कडांच्या छिद्रांतून दोरी ओवून ती भिंतीतल्या खुंट्यांना बांधावी. पावसाने उघडीप दिली की ताडपत्री काढून छताला ऊन लागू द्यावे, कारण सतत झाकलेल्या मातीखाली ओल कोंडते आणि लाकूड कुजते.

स्लॅबच्या भेगेत भरलेले सिमेंट पुन्हा का उघडले, याचे कारण तुमच्या हाताच्या कामात नाही. परभणीकडे उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, गच्ची दिवसा तापून पसरते आणि रात्री आकसते, त्यामुळे भेगेच्या दोन्ही कडा रोज थोड्या हलतात. कडक सिमेंट ही हालचाल सोसू शकत नाही. म्हणून भेग छिन्नीने अर्धा इंच खोल आणि तेवढीच रुंद करा, धूळ ब्रशने पूर्ण काढा, कडा किंचित ओलसर करा आणि सिमेंट व बारीक वाळूच्या मिश्रणात साध्या पाण्याऐवजी वॉटरप्रूफिंगचे दुधासारखे लॅटेक्स डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळून भरा. भरलेल्या भेगेवर चार बोटे रुंद नायलॉनच्या जुन्या मच्छरदाणीची पट्टी त्याच मिश्रणाच्या पातळ लेपात बसवून वर दुसरा लेप द्या. ही जाळी लेपाला फाटू देत नाही, आणि बाजारात खास जाळी मिळत असली तरी घरची मच्छरदाणी इथे चांगले काम देते. काम सूर्य कलल्यावर करा, दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस वर ओले गोणपाट अंथरून ठेवा आणि नंतर लेप नीट वाळू द्या. गोणपाटामुळे पाणी फार लागत नाही.

त्याआधी गळतीची जागा नक्की करून घ्या. खोलीत पाणी जिथे टपकते तिथेच वर भेग असते असे नाही. स्लॅबमधून ते वाट काढत दूरही जाते. गच्चीवर पाणी कोंडून पाहण्याची पद्धत आहे, पण मे महिन्यात तेवढे पाणी कुठून आणायचे? त्याऐवजी ओली चिंब गोणपाटे संशयाच्या जागी चार-पाच तास ठेवून, खालून ओल फुटते का ते पाहावे आणि मग पुढच्या जागी सरकावीत. पावसाचा पाइप गच्चीला मिळतो तो कोपरा सर्वांत आधी तपासा. तिथला पालापाचोळा काढणे आणि पाइपाभोवतीची फट बुजवणे एवढ्यानेच पुष्कळ घरांची गळती थांबते. नंतर गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले तर स्लॅब कमी तापेल आणि भेगेवरचा ताणही कमी होईल. कळीचा चुना भिजवताना तो उकळतो आणि उडतो, म्हणून मुलांना दूर ठेवा आणि डोळे जपा. मात्र स्लॅबच्या खालच्या बाजूचे पोपडे पडून गंजलेली सळई दिसत असेल, तर वरून कितीही लेप दिले तरी आतले गंजणे थांबत नाही. तिथे अभियंत्याला दाखवावे.

भिंतीच्या भेगांना यंदा हात लावू नका, असे मी सुचवीन. काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, आणि पाया खाली मुरमापर्यंत गेलेला नसला की भिंत त्या जमिनीबरोबर वरखाली होते. अशा भेगा उन्हाळ्यात उघडतात आणि पावसाळ्यात मिटू लागतात. वैशाखात त्या सिमेंटने गच्च भरल्या तर श्रावणात मिटायला जागा राहत नाही आणि शेजारी नवी भेग पडते. भेगेची दोन्ही टोके पेन्सिलीने खुणावून त्याखाली तारीख लिहा, आणि मधे कागदाची पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून ठेवा; ती फाटली तर हालचाल चालू आहे असे समजा. दरम्यान पायाशेजारची ओल वर्षभर सारखी राहील एवढे पाहा. मोरीचे पाणी भिंतीपासून दूर न्या, भिंतीला लागून आळी करू नका आणि घराभोवती दोन-तीन फूट रुंदीचा मुरूम बाहेरच्या बाजूला ढाळ देऊन चोपून घ्या. हे काम घमेले आणि फावडे घेऊन तुम्ही करू शकता, आणि भेगा भरण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक आहे. भेग पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी जात असेल आणि तिच्यात करंगळी शिरत असेल तर मात्र जाणत्याला दाखवायला वेळ लावू नका.

तोटीला बांधलेली ट्यूबची पट्टी उत्तम आहे, विशेषतः ती ताणून बांधली असेल तर. तोटी तोंडातूनच ठिबकत असेल तर आतला वायसर झिजलेला असतो. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून तोटी उघडा आणि नवा बसवा. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर आत साचला असेल तर सुटे भाग रात्रभर लिंबूफुलाच्या कोमट पाण्यात ठेवा. त्यासाठी फरशीचे अ‍ॅसिड वापरू नका, आणि ते ब्लिचिंग पावडरजवळ तर कधीच नेऊ नका, कारण त्या दोघांतून विषारी वायू निघतो.

टाकीवर पुट्टी टिकली नाही, कारण टाकीचे प्लास्टिक, म्हणजे पॉलिएथिलीन, असे मेणचट असते की बहुतेक कोणताही चिकट पदार्थ त्याला धरत नाही. हीच पुट्टी सिमेंटवर किंवा लोखंडी पाइपवर छान बसते. टाकीची चीर त्याच जातीच्या प्लास्टिकचा तुकडा वितळवून सांधावी लागते, आणि टाक्या सांधणारे कारागीर गावोगाव फिरतात त्यांच्याकडून ते स्वस्तात होते. त्याआधी टाकीचा ओटा पाहा. टाकी अर्धी ओट्यावर आणि अर्धी अधांतरी असेल, किंवा खाली दगड रुतत असेल, तर सांधलेली चीर पुन्हा जाईल.

पत्रात गॅसचा उल्लेख नाही, तरी सांगून ठेवतो: शेगडीच्या रबरी नळीला चिकटपट्टी लावून ती कधीही चालवू नये. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आले तर सिलिंडर बंद करून नळी बदलावी, आणि गळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर करावी.

पैशांची वाटणी अशी करा. पहिले निम्मे वायरमन आणि आरसीसीबीसाठी. नंतर लॅटेक्सचा लहान डबा आणि पाच किलो सुटे सिमेंट, तेही नुकत्याच फोडलेल्या गोणीतले घ्या, कारण हवा लागून गाठी झालेल्या सिमेंटमध्ये ताकद राहत नाही. उरलेल्या पैशांत ताडपत्री, वायसर आणि टाकीचा कारागीर बसावा. माळवद आणि गच्ची जूनच्या पहिल्या आठवड्याआधी उरका. सुताराकडून टेकू द्यावे लागले तर टाकी थांबू द्या आणि तिच्या जागी दोन पिंपांवर पावसाळा काढा. भिंतीच्या भेगांचा विचार दिवाळीनंतर करू. तोवरच्या पेन्सिलीच्या खुणा आणि तारखा मला कळवा, म्हणजे त्या चुन्याने भरायच्या की पायाकडे पाहायचे, हे नेमके सांगता येईल.